गावासाठी राखीव

मी उमरेडच्या पुढच्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते आणि राहते नागपुरात, दिघोरीला. सकाळी एसटीने जायचं, संध्याकाळी एसटीने परत यायचं. या नोकरीत हुशार मुलं पुष्कळ पाहिली. पण त्या वर्षी पाचवीत एक मुलगी होती, तिच्यासारखी नाही पाहिली.

ती गणित सोडवता सोडवता गणिताशीच भांडायची. एकदा तोट्याचं उदाहरण घातलं होतं. उत्तर बरोबर काढलं आणि वर म्हणाली, "मॅडम, हा दुकानदार रोजच नुकसानीत विकून राहिला. याले घरचे काही म्हणत नाहीत का?" अख्खा वर्ग हसला. ती मात्र हसली नाही, तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

तिचे वडील कोळशाच्या खाणीवर ठेकेदाराकडे होते, आई हंगामात मिरचीचे देठ खुडायला जायची. मी आईला बोलावून सरकारी निवासी शाळेबद्दल सांगितलं. सहावी ते बारावी राहणं, जेवण, पुस्तकं, सगळं सरकारचं. जिल्ह्यातून मोजकीच मुलं घेतात, तीही परीक्षा घेऊन. पण बहुतेक जागा खेड्यातल्या शाळांत शिकलेल्या मुलांसाठी राखीव असतात. शहरातल्या शिकवण्यांपुढे आमच्या पोरांचा निभाव लागायचा नाही, म्हणून त्यांची बरोबरी त्यांच्यासारख्यांशीच व्हावी, असा त्यामागचा विचार.

आई म्हणाली, "मॅडम, तिले तिथं करमन का?" मग स्वतःच म्हणाली, "करमन. तिले पुस्तकं असले की कुठंई करमते."

शाळा सुटल्यावर मी तिला थांबवून घ्यायला लागले. उत्तरपत्रिकेतले गोल कसे भरायचे इथपासून सुरुवात होती. मी कोरे गोल छापलेले कागद झेरॉक्स करून न्यायचे. आकृत्यांचे प्रश्न ती बघता बघता सोडवायची, भाषेत मात्र अडखळायची, कारण उताऱ्यातलं पुस्तकी मराठी तिला परकं होतं. तरी थंडी सुरू होईपर्यंत तिची चांगली तयारी झाली होती.

परीक्षेच्या दिवशी तिला आणि तिच्या आईला घेऊन मी तालुक्याच्या केंद्रावर गेले. गेटबाहेर नागपूर पासिंगच्या कितीतरी गाड्या उभ्या होत्या. एका गाडीतून आमच्या वरच्या मजल्यावरची शेजारीण उतरली, मागोमाग तिचा मुलगा.

मी म्हटलं, "अगं, तू इथे कशी?"

ती क्षणभर थबकली, मग हसली. "याचं नाव गावच्या शाळेत आहे ना. तिसरीपासून."

तो मुलगा रोज सकाळी आमच्या दारावरून शिकवणीला जायचा. गावच्या शाळेत तो कधी जाणार? खेड्यातल्या एका खासगी शाळेच्या पटावर त्याचं नाव होतं, एवढंच. असं चालतं हे मी ऐकून होते. पण ज्या बाईने माझे यजमान दवाखान्यात होते तेव्हा महिनाभर आमच्या घरी डबा पोचवला, तिला त्या गेटवर बघणं वेगळं होतं.

माझा चेहरा बघून ती हळूच म्हणाली, "सगळेच करतात गं. शहराच्या जागांत कुणाचा नंबर लागतो? आम्ही काय श्रीमंत आहोत? माझ्या एकट्या पोराने नियम पाळून कोणाचं भलं होणार आहे?"

शेजारी माझी विद्यार्थिनी नवीन पेनाने तळहातावर गोल काढून बघत होती. मी तिला घेऊन आत गेले.

निकाल लागला. शेजारणीच्या मुलाची निवड झाली. माझ्या विद्यार्थिनीचं नाव प्रतीक्षा यादीत होतं, म्हणजे कोणी जागा सोडली तरच. ती शाळेत आली आणि रोजच्या जागी बसली. मधल्या सुट्टीत माझ्याजवळ येऊन म्हणाली, "मॅडम, माया काही चुकलं असन." मी म्हटलं, "तुझं काही चुकलं नाही." तिला ते पटलं नाही. आपलं चुकलं नाही तर नाव का नाही, याचा तिला उलगडाच होत नव्हता.

मी शिक्षण विभागात लेखी तक्रार केली. साहेबांनी मला बसवलं, चहा मागवला. "मॅडम, तुमचं म्हणणं मी समजून राहिलो. पण कागद पूर्ण आहेत. हजेरी पूर्ण आहे. आपण चौकशी लावू." मग खुर्चीत मागे रेलून म्हणाले, "तुमच्या शाळेचा पटही कमी होऊन राहिला ना? यंदा बदल्या आहेत. जपून राहा."

चौकशी झाली. ती कशी झाली, हे मला त्या मुलानेच सांगितलं. जिन्यात भेटला तर आनंदात होता. "काकू, काल मी माझ्या गावच्या शाळेत गेलो होतो! तिथे चिंचेचं झाड आहे. मला पहिल्या बाकावर बसवलं." त्या लेकराला काहीच ठाऊक नव्हतं. शाळेला आधीच कळवून पथक गेलं होतं, आणि त्या दिवशी पटावरची सगळी मुलं वर्गात हजर होती. तक्रारीत तथ्य नाही, असं मला कळवण्यात आलं.

तक्रार मी केली, हे शेजारणीला कळलंच. एका दुपारी दारात येऊन ती म्हणाली, "एकदा मला तरी बोलायचं असतं." मी म्हटलं, "बोलले असते तर तू त्याचं नाव मागे घेतलं असतंस?" ती "नाही," म्हणाली, आणि वर निघून गेली. त्यानंतर आमचं बोलणं बंद झालं.

दिवाळीच्या सुट्टीत मुलगा घरी आला तो परत गेलाच नाही. तिथे त्याला झोप यायची नाही, सारखा रडायचा. आईबापांनी त्याला नागपुरातल्या एका शाळेत घातलं. हे कळताच मी त्या मुलीच्या आईला घेऊन निवासी शाळेत गेले. कार्यालयातला माणूस भला होता. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "बाई, प्रतीक्षा यादीची मुदत केव्हाच संपली. आता कोणाला घेता येत नाही."

आईने येताना वसतिगृह पाहिलं होतं. तिने विचारलं, "मंग त्या पोराची खाट?"

"रिकामी राहील."

"वर्षभर?"

"हो."

"आमची पोरगी यादीत हाय, तरीबी?"

त्याने नियमाचा कागद पुढे केला. तिला वाचता येत नव्हतं. मी वाचला. त्यात तसंच लिहिलं होतं.

परत येताना एसटीत उमरेड आलं तेव्हा आई म्हणाली, "तिले नका सांगजा, जागा खाली हाय म्हणून. तिले बिमारी लागन."

मी सांगितलं नाही. पण गावात असली गोष्ट लपत नाही.

आमची शाळा सातवीपर्यंत. पुढे उमरेडला जावं लागतं. काही महिने ती गेली. मग सकाळची गाडी बंद झाली, आणि दुसरी गाडी शाळा भरल्यावर पोचायची. शिक्षक रोज बाहेर उभं करायचे. मी एसटीच्या डेपोत दोनदा अर्ज दिला. नववीला तिचं नाव पटावर होतं, ती मात्र आईबरोबर मिरचीवर जात होती. निवासी शाळेत नववीला पुन्हा थोड्या जागा भरतात, म्हणून ती आठवीत असतानाच मी तिच्या घरी गेले होते. तिने मला पाणी दिलं, शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मले नाही बसाचं, मॅडम." मी काहून म्हणून विचारलं. ती म्हणाली, "आता मले काही येत नाही." हे खोटं होतं, आणि वर्षभरात ते खरं होणार होतं.

यंदाही परीक्षेची सूचना आली. पाचवीतली काही मुलं शाळा सुटल्यावर माझ्याजवळ थांबतात. परवा बसथांब्यावर ती भेटली, बायकांच्या घोळक्यात, तोंडाला फडकं बांधलेलं.

"यंदा कोणाले बसवून राहिल्या, मॅडम?"

मी सांगितलं. त्यातला एक तिच्याच घराजवळचा.

"हुशार हाय तो," ती म्हणाली. मग थोड्या वेळाने, "त्याले म्हणा, लय मन नको लावू."

मजुरांचा टेम्पो आला. बायका चढल्या, तीही चढली.