ताऱ्यांची चाल आणि बाबा

मित्रमैत्रिणींनो, आज खूप थकलेय, तरी हे लिहिल्याशिवाय राहवत नाही.

भिलाईत नेहरू नगरच्या एका कोचिंगमध्ये मी फिजिक्स शिकवते. घरी नव्वदीतले बाबा आहेत. त्यांचं सगळं मीच करते, कारण बाहेरचा माणूस ठेवायला ते तयार नव्हते.

आज दुपारी त्यांना भरवताना मी उद्याचा धडा तोंडातल्या तोंडात जुळवत होते. बाबांनी विचारलं, "काय पुटपुटून राहिली?"

मी म्हटलं, "आकाशगंगेच्या कडेचे तारे फार जोरात फिरतात, बाबा. दिसणाऱ्या ताऱ्यांचं वजन त्यांना धरून ठेवायला पुरत नाही. म्हणजे न दिसणारं पुष्कळ वजन असलं पाहिजे."

"कोणी पाह्यलं ते?"

"कोणीच नाही. ताऱ्यांच्या वेगावरून समजतं."

बाबांनी घास संपवला. मग म्हणाले, "इथला पोलादाचा प्लांट बनून राहिला होता तवा मी तिथं खलाशी होतो, दोरखंडानं लोखंड वर चढवायचो. सोबतच्या माणसाच्या चालीवरून मले समजे, याले आता झेपत नाही. तुई चाल बी तशीच झाली, बाई. लय दिवसापासून पाहून राहिलो."

"मी ठीक आहे, बाबा."

"उद्या माणूस बोलाव. मी त्याच्या हातानं आंघोळ करीन."

मी ताट घेऊन आत गेले आणि ओट्याशी उभी राहून रडले. सुटल्यासारखं वाटलं, आणि त्यांना हार मानावी लागली म्हणून वाईटही. संध्याकाळी फोन करून माणूस ठरवला.

तुम्ही थकलात हे न सांगता घरात कोणाला कळतं? आणि त्यांनी विचारलं तर तुम्ही खरं सांगता का?