मुनिवेंकटप्पांची तिसरी बायोप्सी

आमचे मुनिवेंकटप्पा मामा कोलारकडचे बोअरवाले. चाळीस वर्षं त्यांनी हजार-हजार फूट जमीन खणली. कुणी 'इथं काही नाही' म्हटलं, की त्यांचा प्रश्न ठरलेला, "भोक मारलं कुठं होतं?"

रक्तातला पीएसए वाढला, तेव्हा प्रोस्टेटमध्ये कॅन्सर आहे का हे बघायला त्यांची दोनदा बायोप्सी झाली. दोन्ही वेळा गुदद्वारातून सुई घालून बारा-बारा तुकडे काढले. पहिल्या खेपेला मामा तीन दिवस तापाने फणफणले. रिपोर्ट दोन्ही स्वच्छ. पीएसए मात्र दोन वर्षांत अकराचा सोळा झाला.

"दोनदा काही नाही निघालं," मामी करवादली. "आता काय देवाकडं रोग मागायला जाताय?"

पण मामा ऐकतात कसले! मला सोबत घेऊन त्यांनी बंगळूर गाठलं. डॉक्टर हेमलतांनी कागदावर प्रोस्टेट काढून दाखवलं, तसं मामांनी त्यावर बोट आपटलं.

"डॉक्टरम्मा, सुई मागून जाते. मग ही पुढची बाजू कुणी बघितली?"

"मागून तिथवर पोचणं अवघड असतं."

"म्हणजे चोवीस बोअर एकाच बांधाला! आणि म्हणे शेतात पाणी नाही."

डॉक्टर हसल्या, पण लगेच सरसावून बसल्या. "आधी एमआरआय करू. संशयाची जागा दिसली, तर अंडकोषामागच्या कातडीतून सुई घालू. तिथून पुढं जाता येतं, तापाची भीतीही कमी."

एमआरआयमध्ये अगदी पुढे शेंगदाण्याएवढा डाग दिसला. मी घाबरलो. मामा मात्र नवी जागा सापडल्यासारखे उतावळे. तेवढाच भाग बधिर केलेला, त्यामुळे सुई चालू असतानाही पडद्याकडे बघत, "थोडं डावीकडं, डॉक्टरम्मा."

"गप पडा, मुनिवेंकटप्पा. इथली मशीन माझी आहे."

आठ दिवसांनी मामीलाही घेऊन आम्ही तिघं रिपोर्टला गेलो. डागातून घेतलेल्या चारही तुकड्यांत कॅन्सर होता. अजून प्रोस्टेटबाहेर गेलेला नव्हता, ऑपरेशनने काढता येणार होता. मामांनी माझ्या पाठीत असा धपाटा घातला की मी कळवळलो. खरं सांगतो, आनंद मलाही आवरत नव्हता.

मामी पदरात तोंड खुपसून रडत होती. नर्स जवळ आली. "घाबरू नका अम्मा, बरे होतील."

"घाबरून नाही गं रडत," मामी म्हणाली. "दोन वर्षं मी यांना घरी बसा म्हणत होते. यांनी ऐकलं असतं तर?"