वर्षभरासाठी जागा

डॉक्टरीणबाई फटकळ होत्या, ते एका अर्थी बरंच होतं. आधीच्या दोघांनी गोड बोलून माझी दोन वर्षं खाल्ली होती. या बाईंनी रिपोर्ट चाळले आणि म्हणाल्या, "गर्भपिशवी काढलीये, पण अंडाशय चांगले आहेत. म्हणजे बाळ तुमचंच होऊ शकतं. फक्त जागा दुसरीची लागेल."

मला हसू फुटलं. म्हटलं, घ्या, मुंबईत सगळ्यांची एकच बोंब, जागा! नवरा हसला नाही. तो टेबलावरच्या प्लॅस्टिकच्या गर्भाशयाकडे बघत बसला होता.

मग बाईंनी सरोगसीचा कायदा समजावला. पैसे देऊन बाई मिळत नाही. तिचं औषधपाणी आणि विमा आपण करायचा, बाकी काही नाही. तिचं लग्न झालेलं हवं, तिला स्वतःचं मूल हवं आणि ती स्वखुशीने तयार हवी. म्हणजे थोडक्यात, कुणाच्या तरी दारात जाऊन तोंड वेंगाडायचं.

रिक्षात नवरा म्हणाला, "तूच बघ ना कुणाला तरी विचारून. बायकांचं बायकांनाच बोलता येतं." वा रे वा! गाठी माझ्या, ऑपरेशन माझं, आणि आता विचारायचंही मीच. सासूबाईंनी तर आधीच बजावलं होतं की कुणाकडे अक्षर काढायचं नाही, लोक काय म्हणतील. त्यामुळे अंधेरीच्या ऑफिसात मी डोहाळजेवणाचे केक ऑर्डर करायची, वर्गणी गोळा करायची, फोटोत कडेला उभी राहायची, आणि घरी येऊन गुपचूप कुकर लावायची.

त्या दिवसांत मी माणसांकडे माणूस म्हणून बघायचंच सोडून दिलं होतं. मुलुंडला एका लग्नाला गेले तर हॉलभर माझी नजर फिरत होती. कोण तिशीतली, कुणाला मूल आहे, कोण धडधाकट आहे. चुलत जावेला दमा. वहिनीची दोन्ही सिझेरियन. एका लांबच्या नणंदेच्या कमरेकडे मी इतका वेळ बघत राहिले की तिने पदर सारखा केला. मला माझीच किळस आली.

शेवटी नाव एकच उरलं. माझी मावसबहीण.

ती माझ्याहून सात वर्षांनी लहान. आई गेल्यापासून माझं माहेर म्हणजे तीच, मानखुर्दच्या सातव्या मजल्यावरची वन रूम किचन. ती घरी साड्यांना फॉल-पिको करते, नवरा बसवर ड्रायव्हर आहे, एक मुलगा आहे. खरं सांगायचं तर जगात जिच्या गळ्यात पडून मी हे सगळं सांगितलं असतं अशी ती एकटीच होती, आणि नेमकं तिच्याकडेच मागायचं होतं. म्हणून मी तिला महिनोन्‌महिने काहीच सांगितलं नाही. तिच्याशी फोनवर भाजीचे भाव बोलत राहिले.

एका रविवारी दुपारी तिच्या आवडीची जिलबी घेऊन गेले. नवरा ड्युटीवर होता, मुलगा खाली खेळत होता. ती मशीनवर बसली होती. मी इकडचं तिकडचं बोलले, दोनदा पाणी प्यायले.

"तुझ्याकडे एक मागायचं होतं," मी म्हटलं.

"मग माग की. नाटकं कसली करतेस?"

घरून घोकून आणलेली सगळी वाक्यं उडाली. डॉक्टरीणबाईंचा तेवढा एक शब्द जिभेवर आला. "वर्षभरासाठी... थोडी जागा पाहिजे होती गं. आम्हाला."

मशीन थांबलं. "अगं बाई! बिल्डिंग पाडतायत का एकदाची?"

आमच्या घाटकोपरच्या बिल्डिंगचं रीडेव्हलपमेंट इतकी वर्षं रखडलेलं की ते अख्ख्या नातेवाइकांना तोंडपाठ होतं. मी काही बोलायच्या आत ती उठली, लोखंडी कपाट उघडलं आणि मधल्या कप्प्यातले कपडे भराभरा पलंगावर काढायला लागली. "हा कप्पा तुझा. भावोजी बाहेर झोपतील ह्यांच्याबरोबर, आपण आत. पोराचं काय, तो कुठेही लोळतो. थोडी वाट लागेल आपली, पण मजा येईल ना!"

मला रडू कोसळलं. तिला वाटलं, नवऱ्याशी भांडण झालंय. "मग एकटी ये. त्यात काय एवढं?"

तेव्हा मी सगळं सांगितलं. इंजेक्शनं, तपासण्या, बाळ आमचं, पोट तिचं. ती मुलाच्या युनिफॉर्मचा शर्ट हातात धरून ऐकत होती. माझं बोलून संपलं आणि ती म्हणाली, "हो."

तेवढ्याच झटकन. कप्पा दिला तसंच. "हो ताई. करू ना. ह्यांना मी सांगते."

मला सुटल्यासारखं झालं, अगदी क्षणभर. मग मला तिचे हात दिसले. ती तोच एक शर्ट घडी घालत होती, मोडत होती, परत घालत होती. तिच्या बाळंतपणात मी तिच्या उशाशी होते. तीन दिवस ती तळमळली होती, आणि पुढे किती महिने बाळाला मांडीवर घेऊन नुसती भिंतीकडे बघत रडायची. माझं मनगट धरून म्हणाली होती, ताई, पुन्हा नाही हं.

"तू पुन्हा नाही म्हणाली होतीस," मी म्हटलं.

"तेव्हाचं तेव्हा. तुझ्यासाठी वेगळं."

"पण तुला करायचंय का?"

"तुला पाहिजे ना?"

मी परत विचारलं. तिने परत तेच उत्तर दिलं. दुसरं उत्तर तिच्याकडे नव्हतंच. या मुलीने मला जन्मात कधी नाही म्हटलेलं नाही. जिला नाही म्हणताच येत नाही तिच्या 'हो'ला स्वखुशी कुठल्या तोंडाने म्हणायचं?

"राहू दे गं," मी म्हटलं. "मी आपलं विचारलं."

"रागावलीस?"

"नाही गं वेडे."

तिने श्वास सोडला. मोठा, लांब. तिचं तिलाही कळलं नसेल, पण मला तो ऐकू आला. मग ती चहा टाकायला आत गेली आणि आतून मोठमोठ्याने शेजारणीच्या गमती सांगायला लागली.

घरी नवऱ्याने दारातच विचारलं, "काय म्हणाली?"

"हो म्हणाली."

त्याचा चेहरा उजळला. "मीच नको म्हटलं," मी सांगितलं. तो स्टँडवरच्या चपला सरळ करायला लागला. मग म्हणाला, "मला विचारायचंस तरी." त्याचंही बरोबर होतं. त्यानंतर आम्ही दोघं एकाच घरात पाहुण्यांसारखे राहिलो, मीठ पुढे करत, पंख्याचा स्पीड विचारत. फाइल मी माळ्यावर टाकली, पण हाताला येईल अशी, अगदी पुढे. नाही म्हणून आले होते खरी, तरी मनात कुठेतरी 'बघू' ठेवलेलं होतं.

जूनमध्ये बहिणीचा ऑफिसात फोन आला. आधी ख्यालीखुशाली झाली. मग म्हणाली, "ताई, तो मधला कप्पा मी अजून रिकामाच ठेवलाय. आता शाळा सुरू होतेय, ह्याचे युनिफॉर्म सगळे बाहेर पडलेत. ठेवू का त्यात? की... तुला लागेल?"

ती कपाटाचं विचारत नव्हती. आणि मी आत्ता लागेल म्हटलं असतं, तर ती हो म्हणाली असती.

"ठेव गं," मी म्हटलं. "नाही लागणार मला."

"नक्की?"

"नक्की."

ती लगेच म्हणाली, रविवारी ये, बोंबील आणते. येते म्हटलं. फोन ठेवला, ऑफिसच्या बाथरूममध्ये गेले आणि नळ पूर्ण सोडून माझ्या न झालेल्या बाळासाठी पोटभर रडले.