सुलट बाजू खाली

आमची गुणाआक्का, म्हंजे माझी थोरली जाऊ, एक दिवस मागावरनं उठली ती परत बसायचं नावच काढीना. मागावर अर्धी साडी तशीच, ती बी रचनाच्या लग्नातली. रचना तिची एकुलती एक लेक. शहापुरात आमच्या घरात लेकीची साडी आईनंच विणायची, दुसऱ्यानं हात लावायचा न्हाय. लग्न तर तोंडावर आलतं.

मी विचारलं, तर म्हणली गुडघे दुखतात. आणि तीच बाई गच्चीवर शेवया वाळत घालून येती! पाणी प्यायचं सोडलं, देवळात यायची बंद झाली. जिचं हसणं पलीकडच्या बोळात ऐकू जायचं, ती तोंडाला पदर लावून बसायला लागली. माझं डोकंच चालंना. मग मीच शहाणपणा केला. रचनाला म्हणलं, तुझ्या आईला पोरगा पसंत न्हाय वाटतं. पोरगी रडतच आत गेली. माझं म्हंजे आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला.

संध्याकाळी आक्कानं मला मागाजवळ ओढून नेलं.

"पोरगा सोन्यासारखा हाय गं अंजने. मलाच लघवी थांबत न्हाय. पायानं मागाची पावडी दाबली की येती, हसले की येती. लेकीच्या साडीजवळ मी कुठल्या तोंडानं बसू?"

माग म्हंजे आमचा देव, दसऱ्याला पुजतो आम्ही. पॅड गपचूप आणून बघितलं हुतं म्हणली, पण आत सगळं वल्लंच.

मग मी मेडिकलात गेले. तिथला नागेंद्र विचारतोय, थेंब थेंब येती का एकदम? मी काय मापटं घेऊन बसलेली? पाळीचं पॅड येगळं, लघवीचं येगळं, लघवी लगेच शोषून धरायचं ते निराळंच असतंय म्हणला. त्यात परत पातळ, जाड, चड्डीसारखं. मला वाटलं, साड्या निवडणं ह्यापेक्षा सोपं. शेवटी शिंकताना-हसताना गळतंय एवढं सांगितलं, तर त्यानं लघवीचंच, मधल्या जाडीचं दिलं.

तरी वल्लं! आक्का रडायलाच लागली. एक पॅड तर तिनं धुऊन वाळत घातलं हुतं, ते साबुदाण्यागत फुगून बसलेलं. शेवटी मी म्हणलं, लाज ठेव बाजूला, लावतीस कसं ते दाव.

तिनं चड्डी पलंगावर पसरली आणि पॅड ठेवलं. मऊ बाजू खाली, गुळगुळीत प्लास्टिक वर. चिकटपट्टीचा कागद बी तसाच.

"असं का गं?"

"सुलट बाजू खालीच असती की."

खरंय. बुट्टीची, म्हंजे बारीक नक्षीची साडी विणताना आमच्याकडं उलटी बाजू वर असती. जन्मभर हिच्या नजरेला साडीची पाठच. मी बी विणकराचीच, मला बी घटकाभर तेच बरोबर वाटलं. कोण खरं, कोण खोटं, कळंना. मग तांब्या आणला. गुळगुळीत बाजूवर पाणी वतलं, ते सरळ गादीवर. उलटं करून वतलं, तर गडप.

दुसऱ्या दिवशी तिला ओढतच डॉक्टरीणबाईंकडं नेलं. त्यांनी व्यायाम दावला, पाणी प्यायचं सोडू नका म्हणल्या, पॅड भरलं की टाकून दुसरं घ्यायचं, धुवायचं न्हाय. ह्या वयात लई बायकांना हुतंय, हे ऐकून आक्का माझ्याकडं बघाय लागली, जणू मीच तिच्यापासनं लपवलेलं.

घरी येऊन ती मागाखालच्या खड्ड्यात पाय सोडून बसली. धोटा घेतला, पावडी दाबली, थांबली. परत दाबली. मी शेजारीच उभी.

"आक्का, रचनाला काय सांगू आता? आईला पोरगा पसंत हाय, पॅड उलटं हुतं म्हणून?"

तिला हसू फुटलं. मध्येच दचकून थांबली, डोळे मिटले, अंदाज घेतला.

"कोरडी हाय गं," म्हणली, आणि राहिलेलं हसून घेतलं.