धुण्याच्या दगडापाशी

भूत, आत्मा वगैरेंवर माझा काडीचाही विश्वास नव्हता. अंबडच्या कोर्टात कारकुनी केलेला माणूस मी... पुरावा दाखवा, मग बोला, हा खाक्या. हे लिहितोय ते कुणाला पटवायला नाही. बोलायला कुणी नाही म्हणून.

घर बदनापूरला, स्टेशनपासून थोडं आत. मागे छोटी बाग – कढीपत्ता, जास्वंद, पेरू – आणि नळाखाली धुण्याचा दगड. मांजरं दोन, चिंगी आणि तिचा बोका काळ्या. दोन्ही माझ्या बायकोची, सुमनची. मी नुसता दूध आणणारा.

चिंगी पक्की शिकारी. बुलबुल, होला, खार... जे मिळेल ते तोंडात धरून थेट धुण्याच्या दगडापाशी यायची, सुमनला दाखवायला. सुमन साबणाच्या हातानंच तिच्या मानेची कातडी चिमटीत धरायची. "सोड. सोड म्हन्ते ना. घरात दूध कमी पडून राह्यलं का तुला?" चिंगी जबडा उघडायची. पाखरू उडून जायचं. मेलेलं असलं तर सुमन ते जास्वंदीखाली पुरायची आणि दिवसभर चिंगीशी अबोला धरायची. मी म्हणायचो, "वाघिणीला तुळशीची माळ घालून राह्यली का?" की माझ्याशीही अबोला.

मागच्या उन्हाळ्यात सुमन गेली. हार्टचं होतं. जालन्याला नेईपर्यंतसुद्धा थांबली नाही.

मग चिंगीला अडवणारं कुणी उरलं नाही. बागेत रोज पिसं पडायची. मी झाडून टाकायचो.

थंडीतली सकाळ होती, ऊन चांगलं वर आलेलं. मी पायरीवर चहा घेत होतो. शेजारच्या शमीमभाभी कढीपत्ता तोडत होत्या. चिंगी पेरूखालून आली, तोंडात फडफडणारा बुलबुल. दगडापाशी थांबली. कुणाकडे तरी बघावं तशी वर बघितली. आणि तिच्या मानेवरची कातडी वर उचलली गेली... चिमटीत धरल्यासारखी. तिनं जबडा उघडला. बुलबुल उडून गेला.

मी म्हटलं, भास झाला. पण शमीमभाभींच्या हातातली डहाळी खाली पडली होती.

"भाऊ," त्या हळूच म्हणाल्या, "मांजराची मान कुनी धरली?"

त्यांनी ओढणी डोक्यावर घेतली आणि कढीपत्ता तिथंच ठेवून गेल्या.

त्यानंतर हे बऱ्याचदा झालं. काळ्याच्या बाबतीतही. गुरांच्या डॉक्टरांना विचारलं, ते म्हणाले, मांजराची कातडी अशी आपोआप आखडते. आखडत असेल. पण त्याच दगडापाशी का? मुलगा पुण्याहून फोनवर म्हणतो, "पप्पा, एकटे काय करून राह्यले तिथं? मांजरं देऊन टाका कुनाला, अन् इकडं या." मी बघू म्हणतो. त्याला काय सांगणार...

सांगायला लाज वाटते, पण मला त्या मांजराचा हेवा वाटतो. पाखरू उडालं की मी चहा टाकून दगडापाशी जाऊन बसतो. मान खाली घालतो. तिचा हात इथंच असणार, इतका जवळ. चिंगी शेजारी अंग चाटत असते. मी ऊन तापेपर्यंत बसून राहतो. माझ्या मानेला काहीच लागत नाही.