घोंगडीतला उजेड आणि देवकर सर

आदरणीय देवकर सर पंचाहत्तरीत पदार्पण करत आहेत. त्यांची माझी पहिली ओळख इंदापूरच्या हायस्कुलात झाली. सरांनी काचेची कांडी रेशमावर घासून कागदाचे कपटे उचलून दाखवले आणि म्हणाले, "घासल्याने विद्युतभार येतो. थंडीत लोकरीतून ठिणगी उडते, तीही त्यामुळेच."

आमचे गाव नरसिंहपूर. थंडीत पहाटे वडील घोंगडी काढत, तेव्हा तिच्यात तडतडून बारीक उजेड पडे. वडील ते नृसिंहाचे तेज मानून हात जोडत. सरांचे सांगणे मी घरी बोलून गेलो. वडील म्हणाले, "देवाला न्हाय म्हणायला शिकिवत्यात व्हय तितं? उद्यापास्नं शाळा बंद."

वर्गातल्या मुलांकडून हे कळल्यावर रविवारी सर स्वतः एसटीने आमच्याकडे आले. त्यांनी वाद घातला नाही. "आबा, तुमची घोंगडी जरा द्याल का?" एवढेच विचारले. पण त्या दिवशी नदीकाठची हवा दमट होती. सरांनी सोबत आणलेल्या दोन काचेच्या कांड्या घासल्या, तरी दोऱ्याने टांगलेली कांडी हलेना. सर कांड्या चुलीजवळ शेकू लागले. आई म्हणाली, "सर, काचंची भाजी टाकू का फोडणीला?" सरही हसले.

कांड्या कोरड्या झाल्यावर सरांनी दोन्ही रेशमावर घासल्या. एक टांगली, दुसरी जवळ नेली. टांगलेली लांब सरकली. मग घोंगडीवर घासलेला कंगवा नेला, तर ती त्याच्याकडे ओढली गेली.

"सारखे भार ढकलतात, विरुद्ध भार ओढतात," सर म्हणाले.

आई वडिलांना म्हणाली, "सारखं असून ढकलत्यात? तुमी आन धाकलं भाऊजी जणू!"

वडील हसले नाहीत. "मंग ह्यात देव कुठं हाय, सर?"

"आबा, घोंगडीत भार आहे, एवढे मला दाखवता येते. तो नियम कुणी घातला, मला ठाऊक नाही. तुम्ही हात जोडता, त्याला मी चूक म्हणणार नाही. पण पोराला शिकू द्या."

वडील बराच वेळ घोंगडीवरून हात फिरवत राहिले. मग मला म्हणाले, "उद्या जा शाळंला." आणि आईला, "सरांस्नी ज्येवल्याबिगर सोडू नगंस."

आज मी बारामतीत विज्ञान शिकवतो आणि रोज पूजा करून शाळेत जातो. सरांनी फसलेला प्रयोग कधी झाकला नाही. न कळलेले कळले म्हणून सांगितले नाही. तेवढे तरी मला जमावे, ही धडपड आहे.

नृसिंहाने सरांना निरोगी शंभरी द्यावी. आणि सर, यंदाच्या थंडीत आमच्या आठवीच्या वर्गावर एक तास घ्यायला यावे. मुले वाट पाहत आहेत. त्यांच्याहून जास्त मी.