प्लांटचा क्वार्टर

आम्हा आर्किटेक्टांच्या प्रशिक्षणवर्गात एक ज्येष्ठ आर्किटेक्ट नेहमी भेटतात. भिलाईतल्या सुपेल्यात त्यांचं ऑफिस आहे. कुठल्याही इमारतीत शिरताना ते आधी भिंतीला तळहात लावतात, ताप पाहावा तसा. बोलणं सुरू होतं ते 'मले सांगा'नंच.

परवा पुण्याहून आलेले सर म्हणाले, "भिलाईचं, इथल्या मातीतलं घर काढा."

आम्ही सगळ्यांनी मातीच्या भिंती आणि खपरेलाचं कौलारू छप्पर काढलं. सुपेल्याच्या त्या आर्किटेक्टांनी स्टील प्लांटच्या कामगार-वसाहतीतला क्वार्टर काढला, अंगणातल्या पेरूसकट.

"हे इथलं कसं? असे क्वार्टर कुठंही असतात," सर म्हणाले.

"मले सांगा सर, मी याच्यातच जन्मलो. मंग मी कुठचा?"

मी माझ्या चित्राकडे पाहिलं. तसल्या घरात मी कधी राहिलोच नव्हतो. मग ते इतक्या सहज कसं काढलं, तेच मला कळेना.